कॉन्सेप्ट गाडी अख्खी येत नाही, सुट्या भागांनी येते

नाशिकच्या एका मित्राने विचारलंय की मर्सिडीजच्या व्हिजन ईक्यूएक्सएक्स या इलेक्ट्रिक कॉन्सेप्ट गाडीने एका चार्जमध्ये हजार किलोमीटर काढल्याचा व्हिडिओ बघितला, त्याचं महिन्यातून एक-दोनदा समृद्धीने नागपूरला जाणं असतं, आत्ताची डिझेल गाडी दहा वर्षांची होत आली, इलेक्ट्रिक घ्यायची इच्छा आहे आणि बजेटही आहे, पण हजार किलोमीटरवाली येणारच असेल तर आत्ता सहाशेवाली घेऊन पस्तावायचं कशाला? आणि हे सगळं नुसतं स्टेजवर दाखवायचंच असेल तर उगाच वाट तरी का बघायची?

मी चोवीस वर्षं पुण्यात गाड्यांच्या प्रोटोटाइप आणि टेस्टिंगच्या कामात आहे. मर्सिडीजमध्ये कधी नोकरी केलेली नाही, त्यामुळे आतली बातमी वगैरे माझ्याकडे नाही, पण नवीन कल्पना रस्त्यावर यायला काय काय सोसते ते रोज बघतो, आणि या कंपनीच्या कॉन्सेप्ट गाड्यांचा पन्नास-पंचावन्न वर्षांचा इतिहास मी आवडीने वाचत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी प्रश्न नीट मांडू. "ही गाडी खरी का खोटी" हा प्रश्न तुमच्या उपयोगाचा नाही, कारण ईक्यूएक्सएक्स खरीच आहे, तिने ते अंतर खरंच कापलंय, आणि तरीही ती तुम्हाला शोरूममध्ये कधीच मिळणार नाही. तुम्हाला उपयोगाचा प्रश्न असा की त्या गाडीतल्या कुठल्या गोष्टी तुम्ही घेणार त्या गाडीत येतील, कधी येतील, आणि नाशिक-नागपूरसाठी हजारचा आकडा मुळात लागतो का. याचं उत्तर बऱ्याच अंशी तुमच्यावर आहे. घरी चार्जर बसतो का, समृद्धीवर कितीने चालवता, सेडान घेणार का एसयूव्ही, गाडी पाच वर्षं ठेवणार का दहा. या चार गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत, म्हणून मी सगळ्या बाजूंनी सांगतो.

कॉन्सेप्ट कार हा शब्द लोक सरसकट वापरतात पण आमच्याकडे त्याचे वेगवेगळे अर्थ होतात. एक असते निव्वळ शो कार. क्ले, फोम आणि फायबरवर रंग चढवलेला असतो, आत स्टेजपुरती हलवायला एक छोटी मोटर असते, सस्पेन्शन नावापुरतं. ती डिझाइनरने लोकांसमोर टाकलेली कल्पना असते, आणि त्यात वाईट काही नाही, पण तिच्या आकड्यांवरून गाडी घ्यायचा निर्णय करू नये. दुसरी असते टेक्नॉलॉजी डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे चालणारी प्रयोगशाळा. ती नंबरप्लेट लावून रस्त्यावर जाते, तिचं काही मोजलं जातं आणि बाहेरचा कोणीतरी ते तपासतो. आणि तिसरी, जी खरं म्हणजे तयार झालेलीच गाडी असते, नुसती मोठी चाकं आणि चकचकीत लाइट लावून एक-दोन वर्षं आधी दाखवलेली. मर्सिडीजने २०२३ मध्ये म्युनिकला कॉन्सेप्ट सीएलए दाखवली ती या तिसऱ्या प्रकारची, २०२५ मध्ये ती सीएलए नावाची सेडान म्हणून विक्रीला आलीसुद्धा. ईक्यूएक्सएक्स दुसऱ्या प्रकारची आहे. व्हिडिओ बघताना पहिल्यांदा हेच बघायचं की गाडी चालली कुठे, स्टेजवर, बंद ट्रॅकवर का लोकांच्या ट्रॅफिकमध्ये, आणि मोजलं कोणी.

आता ईक्यूएक्सएक्सने केलं काय ते बघू, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. एप्रिल २०२२ मध्ये ती जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या झिंडेलफिंगेनहून निघाली, स्वित्झर्लंडमध्ये गोट्टहार्डचा बोगदा ओलांडून इटलीत उतरली आणि फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कासीला पोचली. १,००८ किलोमीटर, चार्जिंगचं सॉकेट सील केलेलं, तपासायला ट्यूव्ह झ्यूड या जर्मन तपासणी संस्थेची माणसं. पोचल्यावर अजून १४० किलोमीटरची रेंज शिल्लक होती. बॅटरी जेमतेम १०० किलोवॅट-तासाची (एक किलोवॅट-तास म्हणजे विजेचं एक युनिट), फार अवाढव्य नाही, आणि खर्च झाला दर १०० किलोमीटरला ८.७ युनिट. नंतर जूनमध्ये त्यांनी स्टुटगार्टहून इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनपर्यंत १,२०२ किलोमीटर काढले, आणि २०२४ मध्ये रियाध ते दुबई १,०१० किलोमीटर, तिथे तर खर्च ७.४ वर आला.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा जो व्हिडिओत कोणी मोठ्याने सांगत नाही. पहिल्या प्रवासाचा सरासरी वेग होता ताशी ८७.४ किलोमीटर. जर्मनीच्या ऑटोबानवर मधे १४० पर्यंत नेली होती, पण सरासरी ८७. तुम्ही समृद्धीवर जाणार, तिथे मर्यादा १२० ची आहे आणि रस्ता असा सरळ की पाय आपोआप १२० ला जाऊन बसतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. १२० भागिले ८७, त्याचा वर्ग केला की १.९ येतो. म्हणजे फक्त हवा फाडण्यासाठी प्रत्येक किलोमीटरला जवळजवळ दुप्पट वीज लागते. टायरचा विरोध एवढा वाढत नाही म्हणून एकूण खर्च दुप्पट होत नाही, पण हायवेच्या वेगाला खर्चाचा मोठा वाटा हवेचाच असतो. म्हणून मी म्हणतो की ईक्यूएक्सएक्स स्वतःसुद्धा समृद्धीवर एसी लावून १२० ने नेली तर हजार दाखवणार नाही.

हाच हिशोब शोरूममधल्या आकड्यालाही लावायचा. चाकणला असेंबल झालेली ईक्यूएस ५८० ही मर्सिडीजची इलेक्ट्रिक सेडान २०२२ मध्ये आली तेव्हा एआरएआयची, म्हणजे आपल्याकडच्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेची, रेंज ८५७ किलोमीटर सांगितली होती. तो आकडा खोटा नाही, टेस्ट नियमाप्रमाणे होते आणि सगळ्यांना सारखीच होते, पण आपल्या त्या टेस्ट सायकलमध्ये वेग ९० च्या वर जातच नाही. म्हणून दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा ठीक, नागपूरला पोचायचा हिशोब त्यावर करू नका.

मग ईक्यूएक्सएक्समध्ये जादू कुठे होती? बॅटरीवर सगळे बोलतात पण माझ्या मते खरी कमाई आकाराची आणि वजनाची. ड्रॅगचा आकडा, म्हणजे आकारामुळे हवा किती अडवते त्याचं माप, ०.१७; जितका कमी तितकं चांगलं. रस्त्यावर मिळणाऱ्या उत्तम सेडान ०.२० च्या आसपास येतात, एसयूव्ही सहसा ०.२५ च्या वर, आणि एसयूव्हीचं समोरचं क्षेत्रफळ मोठं असतं त्यामुळे दोन्हीकडून मार बसतो. वजन साधारण पावणेदोन टन, ईक्यूएस अडीच टनाच्या घरात जाते. मागच्या दोन चाकांमधलं अंतर पुढच्यापेक्षा कमी, टायर अरुंद, आणि मागच्या बंपरखालून एक डिफ्यूझर, म्हणजे हवेला नीट वाट देणारा भाग, वेग वाढला की बाहेर सरकतो म्हणजे गाडीची शेपटी लांब होते आणि मागे हवेचा भोवरा कमी उठतो. बॅटरीला पाण्याचं कूलिंग नाही, हवेवर भागवलंय, कारण तेवढंच वजन वाचलं. मोटरपासून चाकापर्यंत सगळं असं घासूनपुसून केलंय की बॅटरीतली ९५ टक्के ऊर्जा चाकापर्यंत पोचते असं कंपनी सांगते.

आता यातली एकेक गोष्ट घेऊन मी माझ्या कामातले प्रश्न विचारतो. तो सरकणारा डिफ्यूझर जुलैमध्ये कसारा घाटात चिखल बसल्यावर आत-बाहेर होईल का? मागून रिक्षाने हलका टेकवला तर बंपरबरोबर काय काय बदलावं लागेल आणि केवढ्याला? अरुंद टायर उन्हाळ्यात सिमेंटच्या रस्त्यावर पूर्ण भरलेली गाडी घेऊन ओल्या-कोरड्या दोन्हीत ब्रेकिंगचं अंतर राखेल का? हवेवर थंड होणारी बॅटरी मे महिन्यात विदर्भात दुपारी फास्ट चार्जरला लावली तर? डेमॉन्स्ट्रेटरला एकदाच पोचायचं असतं आणि मधे चार्ज करायचंच नसतं, तुमच्या गाडीला दहा वर्षं आणि हजारभर चार्जिंग काढायची असतात. म्हणूनच २०२५ च्या सीएलएमध्ये बघा काय आलं आणि काय नाही. काटकसरी मोटर आली, तीही दोन गिअर लावून, बॅटरीच्या अॅनोडमध्ये सिलिकॉन ऑक्साइड आलं, ८०० व्होल्टची सिस्टिम आली, ड्रॅग ०.२१ पर्यंत आला. सरकणारी शेपटी आली नाही, अरुंद मागची बाजू आली नाही. ८५ किलोवॅट-तासाच्या बॅटरीवर युरोपच्या टेस्टने ७९२ किलोमीटरपर्यंत सांगतात. ईक्यूएक्सएक्स दाखवल्यापासून या विक्रीपर्यंत साडेतीन वर्षं, जे आमच्या धंद्यात फार वेगवान आहे.

सिलिकॉनचं जरा थांबून सांगतो कारण त्यावर इंटरनेटवर भलतंसलतं लिहिलेलं असतं. लिथियम बॅटरीत चार्ज होताना लिथियम अॅनोडमध्ये, म्हणजे बॅटरीच्या एका टोकात, जाऊन बसतो. तिथे ग्राफाइट असतं. सिलिकॉनमध्ये तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त लिथियम बसतो, पण बसला की सिलिकॉन फुगतं, आणि थोडंथोडकं नाही, तिपटी-चौपटीने. हरभरे भिजत घालताना डबा गच्च भरला तर सकाळी झाकण वर आलेलं असतं तसंच. डिस्चार्ज झालं की परत आक्रसतं. असं शेकडो वेळा फुगून-आक्रसून कण तडकतात आणि क्षमता पडते. म्हणून एकदम शुद्ध सिलिकॉन कोणी टाकत नाही, ग्राफाइटमध्ये मिसळून टाकतात आणि दर पिढीला प्रमाण थोडं थोडं वाढवतात. ईक्यूएक्सएक्समध्ये ते प्रमाण पुढचं होतं, विक्रीच्या गाडीत जरा मागचं येतं, कारण विक्रीच्या गाडीवर आठ वर्षांची वॉरंटी द्यायची असते. यात फसवाफसवी नाही, तडकण्याचं गणित आहे.

आता इतिहासाकडे येतो, कारण त्यातून मला हे सगळं पहिल्यांदा कळलं. १९६९ मध्ये फ्रँकफर्टला मर्सिडीजने सी१११ दाखवली, केशरी रंगाची, पंखासारखे वर उघडणारे दरवाजे, आणि मधे वांकेल इंजिन, म्हणजे पिस्टनऐवजी फिरणारे रोटर. पुढच्याच वर्षी चार रोटरची आली, ३५० हॉर्सपॉवर, ताशी ३०० किलोमीटर. लोकांनी कंपनीला कोरे चेक पाठवले, आकडा तुम्ही भरा म्हणून. कंपनीने गाडी विकली नाही, कारण वांकेल पेट्रोल फार पितं आणि धूर आटोक्यात येईना, वर १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं. मग त्याच गाडीत त्यांनी काय घातलं तर पाच सिलिंडरचं डिझेल, टर्बो लावून. १९७६ मध्ये आणि परत १९७८ मध्ये इटलीतल्या नार्दोच्या गोल ट्रॅकवर तिने डिझेलचे रेकॉर्ड मोडले, दुसऱ्या वेळी तर ताशी ३०० च्या वर तासन्‌तास. डिझेल म्हणजे टॅक्सीचं मठ्ठ इंजिन हा समज तिथे मोडला. आणि त्याच १९७८ मध्ये ३०० एसडी ही टर्बो डिझेल सेडान अमेरिकेत विक्रीला आली. कोरे चेक पाठवणाऱ्यांना हवी होती ती गाडी मिळालीच नाही, पण तिच्या पोटातलं इंजिन पुढे घराघरात गेलं. तुमची आत्ताची दहा वर्षं जुनी डिझेलसुद्धा त्याच वंशातली समजा.

दुसरं उदाहरण मला त्याहून आवडतं. १९९६ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात एफ २०० इमॅजिनेशन आली, तिला स्टिअरिंग व्हीलच नव्हतं, दोन बाजूंना जॉयस्टिक होत्या. त्या वेळी आम्ही कॉलेजात होतो, एका मासिकात फोटो आला होता, हॉस्टेलच्या भिंतीवर कितीतरी दिवस होता तो. आता पुढे काय झालं? त्याच गाडीतलं अॅक्टिव्ह बॉडी कंट्रोल, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणारं सस्पेन्शन, तीन वर्षांत १९९९ च्या सीएल या मर्सिडीजच्या कूपेमध्ये आलं. खिडकीवर उघडणाऱ्या एअरबॅगही दोन-तीन वर्षांत विक्रीच्या गाड्यांत आल्या. आरशाऐवजी कॅमेरा यायला वीसेक वर्षं लागली. जॉयस्टिक आलीच नाही. स्टिअरिंग आणि चाक यांच्यात दांडाच नसणं, नुसत्या वायरवर वळणं, हे मर्सिडीजने आत्ता २०२६ साठी जाहीर केलंय, म्हणजे तीस वर्षं, आणि तेही गोल नाही तरी हातात धरायचं स्टिअरिंग ठेवूनच. एका गाडीतले चार भाग, चार वेगळी वेळापत्रकं. ज्या भागाचं बिघडणं जिवावर बेततं त्याला सगळ्यात जास्त वेळ, ही गोष्ट मात्र कायम दिसते.

कधी कधी कल्पना येते पण साधन बदलून येते. २००७ ची एफ ७०० पुढचा रस्ता लेझरने वाचून सस्पेन्शन आधीच तयार ठेवायची. २०१३ च्या एस-क्लासमध्ये तेच काम आलं मॅजिक बॉडी कंट्रोल नावाने, पण लेझर गायब, काचेमागे दोन कॅमेरे, कारण ते कॅमेरे तसेही ब्रेकिंगसाठी बसवायचेच होते, मग खर्च वाटला गेला. त्याच एफ ७०० मधलं पेट्रोल-डिझेलच्या मधलं डिझोट्टो इंजिन मात्र तिथेच राहिलं. आणि दोन कॅमेऱ्यांना खड्डा दिसतो, पण पाण्याने भरलेला खड्डा नुसतं चकाकणारं सपाट पाणी म्हणून दिसतो, हे आपल्याकडच्या पावसाळ्यात चालवणाऱ्याला सांगायला नको. बाहेरच्या देशात सिद्ध झालेली गोष्ट इथे पुन्हा सिद्ध करावी लागते ती अशासाठी.

आपोआप चालणाऱ्या गाडीचंही तेच. लोकांना वाटतं हे आत्ता दहा वर्षांत सुरू झालं. १९९५ मध्ये म्युनिकच्या बुंडेसवेअर विद्यापीठातले प्राध्यापक एर्न्स्ट डिकमन्स यांच्या टीमची कॅमेरे लावलेली एस-क्लास म्युनिकहून डेन्मार्कमधल्या ओडेन्सेला सुमारे सतराशे किलोमीटर गेली, ऑटोबानवर १७५ पर्यंत वेग, बहुतेक अंतर माणसाने हात न लावता. मागे डिकी कॉम्प्युटरनी भरलेली. त्यानंतर चारच वर्षांनी, १९९९ मध्ये, एस-क्लासमध्ये डिस्ट्रॉनिक आलं, रडारने पुढच्या गाडीशी अंतर राखणारं क्रूझ कंट्रोल, जे आज आपल्याकडच्या मध्यम बजेटच्या गाड्यांतही मिळतं. आणि "आता तुम्ही रस्त्यावरून नजर काढली तरी चालेल" अशी कायदेशीर मान्यता मर्सिडीजला कधी मिळाली तर डिसेंबर २०२१ मध्ये, फक्त जर्मनीत, फक्त ठरावीक हायवेवर, ताशी ६० पर्यंत. सव्वीस वर्षं! कारण गाडी चालवणं जमवणं एक, आणि चूक झाली तर जबाबदार कोण हे लिहून देणं दुसरं. त्या सहीलाच सगळा वेळ लागतो.

माझ्या स्वतःच्या कामातला एक अनुभव सांगतो, कंपनीचं नाव घेणार नाही. आठेक वर्षांपूर्वी एका गाडीसाठी दरवाज्यात लपणारं हँडल आमच्याकडे आलं, जवळ गेलं की आपोआप बाहेर येणारं. कॉन्सेप्टमध्ये सगळ्यांना आवडलेलं होतं. लॅबमध्ये ५० हजार वेळा आत-बाहेर केलं, मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात ठेवलं, धुळीच्या पेटीत ठेवलं, सगळं पास. मग जुलैत प्रोटो गाडी ताम्हिणी घाटात नेली, दिवसभर लाल पाण्यातून चालवली आणि रात्री माणगावला एका शेडमध्ये उभी केली. सकाळी हँडल सेंटिमीटरभर बाहेर आलं आणि तिथेच कुरकुरत थांबलं. फटीत बोटाचं पेर जेमतेम जाईल एवढी जागा. आत बघितलं तर बारीक लाल चिखल रात्रीत वाळून कडेच्या रबरावर पापडासारखा धरला होता. लॅबमधली धूळ कोरडी असते, घाटातली आधी ओली होते आणि मग वाळते, आमच्या टेस्टमध्ये हा क्रमच नव्हता. मग मोटर जोरदार केली, तर बोट अडकलं तर काय हा नवा प्रश्न. रबर बदललं, तर थंडीत आवाज. आठ-नऊ महिने गेले, किंमत वाढत गेली आणि शेवटी साधं ओढायचं हँडल लागलं. त्या डिझाइनरचा चेहरा मला आजही आठवतो, आणि मला स्वतःलाही वाईट वाटलं होतं, कारण कल्पना चांगली होती. पण अपघातानंतर वीज गेलेली असताना बाहेरच्या माणसाला दार उघडता आलं पाहिजे, त्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

म्हणून मला कॉन्सेप्ट गाड्यांत सगळ्यात जास्त आदर आहे तो मर्सिडीजच्या ईएसएफ मालिकेचा, म्हणजे सुरक्षेच्या प्रयोगाच्या गाड्या. दिसायला त्यातल्या जुन्या गाड्या बोजड, मोठ्ठे रबरी बंपर, त्यांचे पोस्टर कोणी लावले नाहीत. १९७१ पासून त्यांनी त्या बनवल्या आणि बऱ्याच आपटून फोडल्या. १९७८ मध्ये एस-क्लासला आलेलं एबीएस, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आलेली एअरबॅग, यांची बरीच तालीम तिथे झाली. २००९ च्या ईएसएफमध्ये फुगणारा सीटबेल्ट होता, तो २०१३ च्या एस-क्लासला मागच्या सीटवर आला. त्याच गाडीत पोटाखालून रस्त्यावर फुगून ब्रेक मारणारी एअरबॅग होती, ती आली नाही. २०१९ च्या ईएसएफमधली मागच्या प्रवाशांसाठीची समोरची एअरबॅग पुढच्याच वर्षी एस-क्लासला आली. या मालिकेत हुकण्याचं प्रमाण मला कमी वाटतं, कारण तिथे सुरुवातच अपघाताच्या अभ्यासातून होते. मर्सिडीजकडे १९६९ पासून स्वतःची अपघात तपासणारी टीम आहे.

आणि कधी एखादा भाग भलत्याच ठिकाणी उगवतो. २००५ मध्ये त्यांनी बॉक्सफिश माशाच्या आकाराची बायोनिक कार दाखवली, ड्रॅग ०.१९. माशाचा आकार कुठल्याच गाडीत आला नाही. पण त्याच गाडीत डिझेलचा धूर धुवायला युरियाचं पाणी फवारणारी एससीआर सिस्टिम होती, जी तेव्हा युरोपात ट्रकवर नुकती येत होती. आज बीएस-६ नंतर आपल्याकडच्या कुठल्याही हायवेच्या ढाब्यापाशी ट्रकवाले "युरिया" म्हणून निळ्या झाकणाच्या टाकीत जे ओततात ते हेच. हायड्रोजनचंही तसंच, १९९४ मध्ये एका व्हॅनचा मागचा सगळा भाग फ्युएल सेलच्या, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या, यंत्राने भरून नेकार १ केली, मग बरीच वर्षं कारमध्ये प्रयत्न झाले, २०१८ ची जीएलसी एफ-सेल दोनच वर्षांत थांबली, आणि आता ते काम ट्रककडे गेलंय, जिथे लांबचं अंतर आणि कमी थांबे यामुळे हिशोब जुळायची शक्यता आहे.

एवढं सांगून आता तुमच्या गाडीकडे येतो. थोडक्यात आत्तापर्यंतचं असं, की ईक्यूएक्सएक्स खरी आहे पण तिचा हजारचा आकडा ८७ च्या सरासरीचा आहे, तिच्यातले टिकाऊ भाग यायला सुरुवात झालेली आहे आणि बाकीचे बहुधा येणार नाहीत. म्हणजे "हजारवाली गाडी" या नावाने तुम्ही जिची वाट बघताय ती एका दिवशी शोरूममध्ये उतरणार नाही, दर दोन-तीन वर्षांनी थोडी थोडी येत राहील. अशा गोष्टीची वाट बघायला शेवटची तारीख नसते.

नाशिक ते नागपूर समृद्धीने साधारण सहाशे किलोमीटर आहे. तुमच्या गाडीचा १२० चा खरा खर्च, एसीसकट, युनिटमध्ये माहीत असेल तर हिशोब दोन मिनिटांचा आहे. समजा १०० किलोमीटरला १८ युनिट लागली तर ९० युनिटची बॅटरी पाचशेला संपते, आणि कोणी शून्यावर नेत नाही, म्हणजे एक थांबा धरायचाच. तोच प्रवास शंभरने केलात तर तासभर जास्त लागतो पण खर्च एवढा उतरतो की कदाचित तो थांबाच लागत नाही, किंवा दहा मिनिटांवर येतो. हा मी फक्त हिशोबासाठी आकडा धरलाय, तुमच्या गाडीचा वेगळा येईल. टेस्ट ड्राइव्ह मागताना शहरात फिरवून परत येऊ नका, सिन्नरला समृद्धीवर चढा, पन्नास किलोमीटर १२० ला लावा, ट्रिप मीटर शून्य करून खर्च वाचा, परत येताना शंभरला वाचा. शोरूमवाले नाही म्हणाले तर दुसऱ्या शोरूमला जा. ही पन्नास-पन्नास किलोमीटर तुम्हाला कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त सांगतील.

मी तुमच्या जागी असतो आणि घरी किंवा दुकानात स्वतःचा चार्जर बसत असता, तर थांबलो नसतो. सेडान घेतली असती, ८०० व्होल्टच्या सिस्टिमला थोडे जास्त पैसे दिले असते कारण तिकडे चार्जरच्या थांब्याला वेळ कमी लागतो, आणि रेंजच्या आकड्यापेक्षा १२० च्या खर्चावर दोन गाड्यांतली निवड केली असती. गाडी दहा वर्षं ठेवायची असेल तर बॅटरीची वॉरंटी किती टक्के क्षमतेला लागू होते ते लेखी घ्या, ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. पण चार्जर बसत नसेल, सोसायटी परवानगी देत नसेल, आणि दर वेळी बाहेरच्या चार्जरवरच अवलंबून राहायचं असेल, तर मात्र आत्ताची डिझेल अजून दोन वर्षं चालवा असंच सांगेन, गाडी चांगली असेल तर त्यात काही कमीपणा नाही. एसयूव्हीच हवी असेल तर घ्या, फक्त समृद्धीवर एक थांबा जास्त धरून घ्या, पुढच्या पिढीची बॅटरी आली तरी हवेचा विरोध तोच राहणार आहे.

पार्किंग तळमजल्यावर आहे का, मीटर स्वतंत्र मिळतोय का, आणि नागपूरला मुक्काम असतो तिथे १६ अँपिअरचा साधा प्लग तरी आहे का एवढं इथेच खाली लिहा. रात्रभर साध्या प्लगवर किती भरते हा हिशोब करून देतो, बऱ्याच जणांना तेवढ्यानेच परतीच्या प्रवासाची काळजी मिटलेली मी बघितलीये.